दात आले, पण चावणे आले नाही

बाजारच्या दिवशी दवाखान्यात नेहमीप्रमाणे गर्दी होती. त्या गर्दीत जवळच्या वाडीवरची एक आजी नातीला कडेवर घेऊन आली. पोरीचे वय सव्वादोन वर्षांच्या पुढे, पण अंगाने दिसत होती वर्षाच्या लेकरासारखी. आजीची तक्रार ओळखीचीच होती. "डॉक्टर, ही काहीच खात नाही बघा. घास दिला की ओकते. दुधात बुडवलेलं बिस्कीट तेवढं गिळते. एखादं भुकेचं टॉनिक द्या." टॉनिक न मागणारी आजी मला अजून भेटायची आहे.

काट्यावर वजन भरले ८ किलो ८०० ग्रॅम. बॅटरी मारून तोंडात पाहिले तर १६ दात होते, त्यात वरच्या-खालच्या मिळून चार दाढा. टाळू, जीभ, घसा यांत दोष नाही. मी कंपाउंडरला समोरच्या गाड्यावरून एक केळे आणायला सांगितले आणि नखाएवढा तुकडा तिच्या ओठाशी धरला. तिने तोंड उघडले, तुकडा आत घेतला आणि पुढे त्याचे काय करायचे ते तिला कळेना. जबडा हलला नाही. जीभ तेवढी मागे-पुढे होत राहिली, अंगावर पिणाऱ्या बाळाची होते तशी. मग उमासा आला, डोळ्यांत पाणी आले आणि केळे माझ्या टेबलावर पडले. पोरीला भूक होती, चावता येत नव्हते.

जुना केसपेपर काढून पाहिला. मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली, वजन दीड किलो, पहिले तीन आठवडे काचेच्या पेटीत आणि नळीच्या दुधावर. नवव्या महिन्यात सर्दी-खोकल्यासाठी तिला माझ्याकडे आणले होते. तेव्हा आईने वरच्या अन्नाविषयी विचारले असावे, कारण खाली माझ्याच अक्षरात लिहिले होते : 'अंगावरचे दूध व पातळ पेज चालू ठेवावी. दात आल्यावर घट्ट अन्न.' ज्या चुकीबद्दल मी आजीला बोलणार होतो, ती माझ्या सहीने झालेली होती. असे आणखी किती कागद माझ्या कपाटात असतील, मोजण्याची हिंमत झाली नाही. म्हणून आजचा लेख त्या विषयावर.

चोखणे उपजत, चावणे शिकलेले

बाळ चोखायला पोटातच शिकते. मात्र चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला म्हणूनच नळीने किंवा वाटी-चमच्याने, बोंडल्याने दूध द्यावे लागते. आपल्याकडचे जुने बोंडले या कामाला फार चांगले, बाटलीपेक्षा कितीतरी स्वच्छ. बाटल्या आणि डब्यातल्या दुधाच्या जाहिरातबाजीला आळा घालणारा कायदा १९९२ सालीच झाला, पण बाटली काही घरांतून जात नाही.

चावणे मात्र जन्मजात येत नाही. ते चालण्या-बोलण्यासारखे शिकावे लागते. चार ते सहा महिन्यांपर्यंत बाळाची जीभ ओठांत आलेली घट्ट वस्तू बाहेर ढकलते. ही निसर्गाने दिलेली राखण आहे. पहिल्या आठवड्यात घास बाहेर आला की आया म्हणतात, "याला आवडत नाही." आवडीनिवडीचा येथे संबंध नसतो, जीभ जुन्या सवयीने वागत असते. सहाव्या-सातव्या महिन्यात जबडा वर-खाली हलू लागतो आणि बाळ हिरड्यांनी घास दाबते. त्यानंतरचा धडा अवघड. जिभेने घास बाजूला, दाढांच्या जागी न्यायचा, गालाने तो आत धरून ठेवायचा आणि जबडा तिरका फिरवायचा. गाय रवंथ करताना पाहिली असेल तर ही फिरकी लक्षात येईल. ही हालचाल वर्षाच्या आसपास दिसू लागते आणि पक्की व्हायला दोन-तीन वर्षे घेते.

यात दातांची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिले दात येतात ते पुढचे, घास तोडणारे. चावणाऱ्या दाढा तेराव्या महिन्यानंतर, कधी दीड वर्षाला. तोपर्यंत बाळाने हिरड्यांवर सराव केलेला असावा लागतो. हिरडी किती कठीण असते हे ज्या आईचे बोट बाळाच्या तोंडात सापडले आहे तिला सांगायला नको.

सरावाचा हा काळ ठरावीक असतो. इंग्लंडमधील शेफिल्डच्या इलिंगवर्थ आणि लिस्टर या दोन डॉक्टरांनी १९६४ सालीच लिहून ठेवले की घट्ट अन्न शिकण्याचा एक नाजूक काळ असतो, तो गेला की मूल घास नाकारते, ओकते. पुढे ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांची पाहणी झाली. ज्यांना गाठी-गोळे असलेले अन्न दहाव्या महिन्यानंतर सुरू झाले, त्यांच्यात सव्वा वर्षाच्या वयात खाण्याच्या अडचणी जास्त आढळल्या. सातव्या वर्षी पुन्हा पाहिले तर उशिरा सुरुवात झालेली मुले भाज्या आणि फळेही कमी खात होती. त्या पाहणीतली मुले बहुतेक पूर्ण दिवसांची होती. आपली अडचण तिथेच सुरू होते, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मोजायचे कुठून?

वय मोजण्याची चूक

अडीच किलोच्या आतले बाळ ते कमी वजनाचे बाळ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात वजन नोंदलेल्या शंभर बाळांत सुमारे १८ बाळे अशी असतात. त्यांत दोन जाती. एक, दिवस भरण्याआधी आलेले. दोन, दिवस पूर्ण भरलेले पण पोटात पोषण कमी पडल्याने अंगाने बारीक. आपल्या दुष्काळी पट्ट्यात दुसऱ्या जातीची बाळे पुष्कळ. सासरी-माहेरी दोघांनाही 'बारीक' हा एकच शब्द वापरला जातो आणि तिथे घोटाळा होतो.

दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाचे वय जन्मतारखेपासून नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजावे. समजा तारीख होती १५ ऑगस्ट आणि बाळ आले १५ जूनला. तर त्याचे सहा महिने १५ डिसेंबरला नव्हे, १५ फेब्रुवारीला भरतात. उष्टावणाचा मुहूर्त कोणताही धरा, अन्नाची सुरुवात या हिशेबाने करावी. याहून घाई करून फायदा नाही. आपल्याच देशातील तीन सरकारी रुग्णालयांत ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांचे दोन गट करून एकाला सुधारित वयाच्या चौथ्या व दुसऱ्याला सहाव्या महिन्यात अन्न सुरू केले होते. २०१७ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षाच्या वयाला वजनात फरक पडला नाही, उलट लवकर सुरू केलेल्या मुलांना दवाखान्यात दाखल करण्याची वेळ अधिक आली.

पण दिवस पूर्ण भरलेल्या बारीक बाळाला ही सूट नाही. त्याचे सहा महिने म्हणजे जन्मापासून सहा महिने. 'आधीच नाजूक आहे, पचणार नाही' म्हणून त्याला आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत दुधावर ठेवणे म्हणजे उपाशी ठेवणे आहे.

लहान जन्मलेले मूल चावण्यात मागे का पडते, याची कारणे अनेक. नळीच्या बाळाला तोंडाशी काही आले की ते त्रासाचेच, असा पहिल्या आठवड्यांचा अनुभव असतो. नळ्या, चिकटपट्ट्या, ओढलेली थुंकी. पुढे कित्येक महिने ते तोंडाला हात लावू देत नाही. स्नायू अशक्त असल्याने मान आणि पाठ उशिरा सावरते, आणि मान डळमळत असेल तर जबडा स्थिर राहत नाही. (पाटावर बसून जेवायचे असते हे आपल्या पूर्वजांना उगाच कळले नव्हते.) अपुऱ्या दिवसांच्या मुलांच्या दातांचे आवरण पुष्कळदा कच्चे निघते, दात लवकर किडतात आणि दुखऱ्या दाताने कोण चावेल? त्यांच्या शरीरात लोहाचा साठाही कमी असतो. पोटात शेवटच्या तीन महिन्यांत तो भरला जातो आणि ते महिनेच त्यांना मिळालेले नसतात. रक्त कमी, म्हणून भूक कमी. अशा बाळांना लोहाचे थेंब पहिल्या काही आठवड्यांतच सुरू करावे लागतात. किती द्यायचे ते वजनावर असते, म्हणून शेजारणीच्या बाळाची बाटली वापरू नये.

पण सर्वांत मोठे कारण माझ्या मते माया हे आहे. जे लेकरू देवाच्या दारातून परत आले, त्याला घशात काही अडकेल या भीतीने आख्खे घर त्याच्यासमोर मऊ होते. मिक्सर असेल तर सगळे मिक्सरमधून काढून द्यायचे, नसेल तर दुधात बिस्कीट. वर्ष जाते, दीड वर्ष जाते. आजी समाधानी असते, कारण वाटी रिकामी होते. आणि जबड्याला त्या दीड वर्षात एकदाही काम मिळालेले नसते.

पूर्वी हा प्रश्न एवढा दिसत नसे, कारण अशी मुले जगतच नव्हती. १९९५ मध्ये डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत खेड्यातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आले आणि पुढे आशा ताईंच्या घरभेटी त्याच वाटेने आल्या. आपल्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तर १९७० पासूनच गावच्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचे काम शिकवले. लहान बाळे जगू लागली ती अशा कामांमुळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बहुतेकांची बुद्धी सामान्य मर्यादेत निघाली, पण पूर्ण वजनाच्या मुलांपेक्षा थोडी मागे. अपुऱ्या दिवसांची आणि वर बारीकही जन्मलेली मुले उंचीलाही कमी राहिली. पेटीतून बाळ घरी आणले म्हणजे काम संपले असे नाही, हे त्यावरून दिसते.

फडावरचे सहा महिने

मिरजगाव, आष्टी, जामखेड या पट्ट्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. श्रावणात बाळंत झालेली बाई मूल तीन महिन्यांचे असताना गाडीत बसते. त्या बाळाचे सहा महिने भरतात माघात, म्हणजे फडावर, कोपीत. पहाटे अंधारात आई-बाप कोयता घेऊन निघतात आणि बाळ सांभाळते सात-आठ वर्षांची बहीण. ती बिचारी देणार काय? चहात बुडवलेले बिस्कीट. टोळी परत येते तेव्हा बाळ नऊ-दहा महिन्यांचे झालेले असते आणि शिकण्याचे महिने सरलेले. गावच्या अंगणवाडीच्या वहीत ते 'स्थलांतरित' म्हणून नोंदलेले असते. मागे नातवंड आजीपाशी ठेवून गेले तर आजी दुधाची बाटली धरते.

या बायकांना चार पदार्थांची चौरस थाळी सांगणे म्हणजे थट्टा आहे. मी त्यांना एवढेच सांगतो : सकाळी भाकरी थापताना बाळासाठी एक चानकी वेगळी करा, ती वरणात किंवा दुधात भिजवून बोटांनी कुस्करा, पाणी करू नका. दाण्याचे बारीक कूट किंवा तेल-तुपाचा चमचा त्यात घाला. कामावर जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा आईने स्वतः भरवावे, मधल्या वेळी बहिणीकडे पिकले केळे किंवा उकडलेले रताळे ठेवावे. जिथे मुक्काम असेल तिथल्या अंगणवाडीत जाऊन नाव सांगावे. पूरक आहार तिथेही मिळू शकतो, मागावा लागतो.

घरी असणाऱ्या आईला थोडे जास्त करता येईल. सहाव्या महिन्यात (वर सांगितलेल्या हिशेबाने) सुरुवात घट्टसर, चमचा तिरपा केला तर ओघळणार नाही अशा मऊ अन्नाने. मूगडाळीची खिचडी, मऊ भात, कुस्करलेला बटाटा. हे चमच्याने चेचावे, मिक्सरमध्ये फिरवू नये. सातव्या-आठव्यात बारीक गाठी राहू द्याव्यात. नवव्यापर्यंत मऊ शिजलेले गाजर, उकडलेले अंडे, पिकलेली पपई यांचे लांबट तुकडे बाळाच्या हातात यावेत. अंगठा आणि बोटात धरून हलके दाबले की चेचला गेला पाहिजे, ही तुकड्याची कसोटी. वर्षाच्या सुमारास घरातले बिनतिखटाचे सगळे. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे.

घास जिभेच्या मधोमध ठेवला की बाळ चोखते. तोच गालाच्या बाजूला, हिरडीवर ठेवला की जबडा हलतो. ही छोटी युक्ती पुष्कळ काम करते. मूल ताठ बसलेले असावे, पाय टेकलेले असावेत आणि समोर कुणीतरी जेवत असावे. मोबाईलवर चित्रे दाखवून भरवलेले मूल गिळते, शिकत नाही.

ठसका आणि घास अडकणे

माया जिथे घाबरते ते ठिकाण हे. घट्ट घासाने बाळाला उमासा येतो, तोंड लाल होते, आवाज करत ते घास पुढे आणते. हा उमासा चांगला. लहानपणी तो जिभेच्या पुढच्या भागावरच सुरू होतो आणि सरावाने मागे सरकतो. अशा वेळी आईने किंचाळू नये, पाठीवर हात ठेवून थांबावे. घास अडकणे निराळे असते. मूल एकदम गप्प होते, खोकता येत नाही, रडण्याचा आवाज फुटत नाही, ओठ निळे पडू लागतात. वर्षाच्या आतील बाळाला ताबडतोब हातावर पालथे, डोके खाली करून धरावे. पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. नाही निघाले तर उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच वेळा दाबावे, पुन्हा थापा, आणि हे करतच दवाखाना गाठावा. दिसत नसलेल्या वस्तूसाठी घशात बोट घालू नये, ती आणखी आत जाते.

म्हणून आख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, चिक्की, बोरे-जांभळांच्या बिया, कच्च्या गाजराचे तुकडे, आख्खी द्राक्षे हे सर्व चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या हाती लागू देऊ नये. हुरड्याच्या दिवसांत शेतावर विशेष लक्ष असावे. एक वर्षाच्या आत मधही चाटवू नये.

प्रत्येक मूल मायेने बिघडलेले असते असेही नाही. दर घोटाला खोकणारे, दूध नाकातून येणारे, वारंवार न्यूमोनिया होणारे, चमचा दाताखाली घट्ट पकडून सोडता न येणारे, सुधारित वयाच्या पाचव्या महिन्यातही मान न धरणारे किंवा नवव्यात न बसणारे मूल असेल तर घरगुती प्रयोग थांबवावेत. अशा मुलांत मेंदूला जन्माच्या वेळी बसलेला मार असू शकतो, आणि त्याला भरवण्याची पद्धत निराळी असते. अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्यांना दाखवावे. ते पुढे जिल्हा रुग्णालयाकडे पाठवतात. २०१८ पासून आशा ताईंच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या घरभेटी ठरलेल्या आहेत. माझी आशा ताईंना विनंती आहे की नवव्या महिन्याच्या भेटीत वजनाबरोबर बाळाला समोर एक घास भरवायला सांगून जबडा पाहावा. दोन मिनिटे लागतात. मी ती दोन मिनिटे दिली नव्हती.

त्या मुलीचे काय झाले ते सांगतो. टॉनिक दिले नाही. लोहाचे औषध दिले, बाटली बंद केली, दूध जेवणानंतर ठेवले. पहिला महिना फक्त घट्ट खिचडी, गाठी न ठेवता. मग गालाच्या बाजूला मऊ तुकडे. आजीने दोनदा येऊन सांगितले की पोर उपाशी मरेल. पहिल्या दोन आठवड्यांत वजन शंभर ग्रॅम उतरले तेव्हा मलाही झोप लागली नाही. तिसऱ्या महिन्यात तिने भाकरीचा पापुद्रा वरणात भिजवून, डाव्या बाजूने, जबडा तिरका फिरवत खाल्ला. उशिरा सुरू केले तर सगळे भरून निघतेच असे नाही. पाच महिन्यांनी आता वजन ९ किलो ७०० ग्रॅम आहे, मटकीची उसळ ती अजून थुंकते आणि उजव्या बाजूने चावत नाही. मागच्या आठवड्यात आजी तिला चालवत घेऊन आली, कडेवर नाही. जाताना दारात थांबून म्हणाली, "डॉक्टर, सगळं बरं आहे, पण एक टॉनिक दिलं असतं तर..."